एका हाताचा शिकंजा

सुतारांबद्दल माझं मत पहिल्यापासून वाईट आहे. ते मी कधी लपवलं नाही, आणि सासरे सुतार आहेत म्हणून लपवावं असंही मला कधी वाटलं नाही. मी फिटर माणूस. नवी मुंबईत पावणे गावच्या एका लहानशा वर्कशॉपात तीस वर्षं टूलरूममध्ये उभा आहे. आमच्याकडे केसाच्या जाडीएवढी चूक झाली तरी माल परत येतो, आणि माल परत आला की मालक आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. सुतारांचं तसं नाही. दार बसेना झालं की लाकूड फुगलं. फट पडली की लाकूड सुकलं. म्हणजे चूक कायम लाकडाची, सुताराची कधीच नाही. भेगेत भुसा आणि सरस कालवून भरायचा, वरून पॉलिश मारायचं, झाली कारागिरी. असल्या धंद्याला मी धंदाच मानत नव्हतो.

सासऱ्यांना पहिल्यांदा बघितलं ते पाटण तालुक्यातल्या त्यांच्या गावी, मुलगी बघायला गेलो तेव्हा. पडवीत जमिनीवर बसले होते. डाव्या पायाच्या अंगठ्यात आणि बोटांत फळीचा तुकडा धरलेला, आणि पायापासून बोटभर अंतरावर पटाशीवर घाव घालत होते. आमच्याकडे बघून हसले, पण हातातला घाव पुरा केल्याशिवाय उठले नाहीत. मी मनात म्हटलं, हा माणूस पायानं काम धरतो. आमच्या वर्कशॉपात कुणी पायानं जॉब धरला तर त्याच दिवशी घरी पाठवतील. पुढे कळलं की त्यांच्याकडचे सगळेच सुतार तसेच बसतात. वाईस नाही, टेबल नाही, पाय हाच शिकंजा. शिकंजा म्हणजे आमच्या भाषेत क्लॅम्प. मुलगी पसंत पडली म्हणून मी बाकीच्या गोष्टींकडे काणाडोळा केला.

लग्नात त्यांनी स्वतः बनवलेला सागवानी चौरंग दिला. वजनदार, चारी पाय कोरलेले, वरच्या फळीला कडेनं वेलबुट्टी. लोक वाकून वाकून बघत होते. मी मात्र बघताक्षणी हिशेब केला की दिघ्याच्या आमच्या एका खोलीत हे धूड ठेवायचं कुठे. सतरा वर्षं ते कपाटाच्या वर पडून होतं, वर्षातून एकदा गणपतीला खाली यायचं आणि काढताना-ठेवताना माझी पाठ धरायची. पनवेलजवळ करंजाड्याला फ्लॅट घेऊन आम्ही राहायला आलो तेव्हा सामान आवरता आवरता मी तो चौरंग भंगारवाल्याला देऊन टाकला. सोबत एक मोडका टेबलफॅन आणि दोन बादल्या. बायकोला सांगितलं की टेम्पोत पाय मोडला. ती दिवसभर बोलली नाही, मग बोलायला लागली. वास्तुशांतीला शेजाऱ्यांचा चौरंग मागून आणला आणि काम भागलं. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. लाकडाचं सामान जुनं झालं की जातंच.

तर असे आमचे सासरे. मी त्यांना मामा म्हणतो, ते मला पावनं म्हणतात. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी एकेरी हाक मारली नाही. मी नजरेनं त्यांना किती वेळा एकेरीवर आणलं असेल याची गणती नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या अंगावरनं वारं गेलं. सासूबाई आधीच गेलेल्या, घरात एकटेच. पहाटे न्हाणीपाशी पडले ते उन्हं वर येईपर्यंत तिथेच. दूध घालणाऱ्या बाईनं बघितलं म्हणून वाचले. साताऱ्याच्या दवाखान्यातून आम्ही त्यांना करंजाड्याला आणलं. मुलगी नोकरीला पुण्यात, तिची खोली रिकामी होती, ती दिली. दोन-तीन महिन्यांत काठी घेऊन चालायला लागले. डावा पाय ओढत, पण चालायला लागले. डाव्या हाताची पकड मात्र गेली ती गेलीच. हात कोपरापासून वर यायचा, टेबलावर टेकायचा, पण बोटं मिटायची नाहीत.

चालता यायला लागल्यावर त्यांनी पहिलं वाक्य काढलं ते असं: "आता मला गावाला सोडा. लेकीच्या घरात बसून खायाला मला जमायचं न्हाई."

बायको रडकुंडीला आली. "आबा, तिकडे कोण आहे तुमचं? परत पडलात तर उचलणार कोण?"

"उचलंल कोनतरी."

मला हे ऐकून हसू आलं. पुन्हा तेच जुनं खूळ! आमची मुलगी जन्मेपर्यंत या गृहस्थांनी आमच्या घरचं पाणी तोंडाला लावलं नव्हतं. दिघ्याला यायचे ते स्वतःची पाण्याची बाटली घेऊन. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं खायचं-प्यायचं नाही, हा त्यांचा रिवाज. नात झाल्यावर तो सुटला आणि मग चांगले चार-चार दिवस राहून जायचे, मटणाची फर्माईशही करायचे. आम्ही करंजाड्याला राहायला आल्यापासून त्यांच्या डोक्यात पुन्हा काय शिरलं होतं कोण जाणे. सकाळच्या एसटीनं यायचे आणि संध्याकाळच्या एसटीनं परत. आता आजारी पडूनही ताटात दुसरी भाकरी घ्यायचे नाहीत. म्हातारपणी माणसं हट्टी होतात आणि हट्टाला रिवाजाचं नाव देतात, असा माझा निष्कर्ष होता.

आणि खरं सांगायचं तर ते गेले असते तरी मला चाललं असतं. सकाळी बाथरूमसाठी थांबावं लागत होतं, टीव्हीचा आवाज कमी ठेवावा लागत होता. पण बायको ऐकेना. तिनं त्यांना विचारलं, "काम असलं तर राहाल?"

त्यांनी काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "काम असलं तर बघू. पर काम हुतंय कुठं आता."

तेवढं तिला पुरलं. तिनं स्वयंपाकघराला लागून असलेली ड्राय बाल्कनी रिकामी केली. वॉशिंग मशीन बाथरूममध्ये गेलं, मुलीचं अभ्यासाचं जुनं टेबल तिथे आलं, गावाहून त्यांची हत्यारांची पेटी मागवली. करवत, दोन रंधे, पटाशा, गुण्या. मुठी हाताच्या घामानं काळ्या पडलेल्या. असली हत्यारं आमच्या टूलरूममध्ये कुणी आणली तर मी बाहेर फेकीन, हे मी बायकोला बोलूनही दाखवलं.

म्हातारा खुर्चीत बसून कामाला लागला आणि पहिल्याच दिवशी गोची झाली. जमिनीवर बसता येईना, पायानं धरता येईना, डावा हात नुसता ओझ्यासारखा ठेवता यायचा. उजव्या हातानं करवत ओढली की फळी तिच्याबरोबर निघायची. दाबायला डावं कोपर ठेवलं की कोपर घसरायचं. तासाभरात फळी तीन वेळा खाली पडली. चौथ्या वेळी त्यांनी ती उचलली नाही. करवत पेटीत ठेवली, पेटीचं झाकण लावलं आणि गॅलरीत जाऊन वरून जाणारी विमानं बघत बसले. संध्याकाळी बायकोला म्हणाले, "येत्या महिन्यात सोडा मला."

त्या रात्री जेवताना बायको मला म्हणाली, "तुम्ही एवढे फिटर. तीस वर्षं लोखंड कापताय. त्यांना लाकूड धरायला काहीतरी करून द्या ना."

मला हे बरं वाटलं. दया आली म्हणून नव्हे. फिटर काय चीज असते ते सुताराला दाखवायची संधी मिळाली म्हणून.

आधी मी पनवेलला हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदारानं ओतीव बिडाचे क्लॅम्प काउंटरवर आपटले. आटे खरबरीत, स्क्रू डुगडुगणारा, आणि वरचा रंग निघाला तर खाली काय निघेल याची खात्री नाही. मी स्क्रू फिरवून त्याला दाखवला, "हे बघा, हे हलतंय." तो म्हणाला, "साहेब, सगळे हेच नेतात." सगळे नेतात म्हणून मी न्यायचं! मी ते तसेच त्याच्यासमोर ठेवून आलो. घरी बायकोनं फोनवर व्हिडिओ दाखवले. कुठल्या कुठल्या देशातले दाढीवाले बाप्ये मोठमोठ्या गॅरेजमध्ये प्लायवूडचे, पाइपाच्या तुकड्यांचे, दोरीचे क्लॅम्प करत होते. फुकटात क्लॅम्प, घरच्या घरी क्लॅम्प. मागे भिंतीवर पाहावं तर लाखभराची मशिनं टांगलेली. एकानं प्लंबिंगच्या पाइपाच्या चकत्या कापल्या, प्रत्येकीला एक चीर दिली आणि त्या चिमट्यासारख्या लाकडाला अडकवल्या. बायको म्हणाली, "हे किती सोपं आहे." मी म्हटलं, "खेळणी आहेत ती." फोन तिच्या हातात दिला आणि विषय संपवला.

वर्कशॉपच्या भंगारात बारा एमएमची प्लेट पडली होती. मालकाला विचारून घेतली. इंग्रजी जी अक्षरासारखा आकार गॅसनं कापला, मिलिंगवर जबडे सपाट केले, लेथवर चौकोनी आट्यांचा स्क्रू काढला. जेवणाच्या सुट्टीत आणि सुट्टी झाल्यावर काम करून आठवड्याभरात दोन क्लॅम्प उभे केले. स्क्रू असा फिरायचा की लोणी. आवळला तर लाकडाचं काय, दगडाचं पाणी काढेल. प्रत्येकी चार किलोच्या आसपास वजन. वर रेड ऑक्साइड मारला. टूलरूममधले सगळे येऊन बघून गेले. मी खूश होतो आणि ते लपवायचा प्रयत्न करत नव्हतो.

मामांनी उजव्या हातानं एक उचलून बघितला, परत टेबलावर ठेवला. स्क्रू फिरवून बघितला. आट्यांवरून अंगठा फिरवला.

"लई भारी केलंसा पावनं," म्हणाले. "असलं काम म्या कवा बघितलं न्हाई."

माझी छाती फुगली. रोज संध्याकाळी घरी आलो की मी आधी बाल्कनीत डोकावायचो. टेबलाच्या कडेला दोन्ही क्लॅम्प घट्ट लागलेले असायचे, मध्ये फळी, खाली भुसा. मोडलेल्या पोळपाटाला नवा पाय, खुंटाळ्याची पट्टी, असलं काहीतरी चाललेलं असायचं. मी मनात म्हणायचो, बघा, शेवटी लोखंडच कामाला आलं. एक-दोन वेळा बायकोच्या तोंडावरही म्हणालो. ती काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याकडे लक्ष द्यायची मला सवय नाही.

महिना होत आला तेव्हा एका दुपारी पावण्याला लाइट गेली. ट्रान्सफॉर्मर उडाला, संध्याकाळपर्यंत येणार नाही म्हणाले. मी दोनच्या सुमारास घरी आलो. दार माझ्या किल्लीनं उघडलं आणि बाल्कनीतून बायकोचा आवाज आला, "आबा, लवकर फिरवा, तव्यावर भाकरी आहे."

जाऊन बघतो तर ती दोन्ही हातांनी माझा क्लॅम्प धरून वाकून उभी. हाताला कोपरापर्यंत पीठ, क्लॅम्पच्या लाल रंगावरही पीठ. फळी तिनं पोटानं टेबलाला दाबून धरलेली. आणि मामा खुर्चीतून पुढे झुकून उजव्या हातानं मूठ फिरवत होते. मला बघून दोघंही थबकली. स्वयंपाकघरातून करपल्याचा वास यायला लागला.

"तू कशाला धरतेस?" मी विचारलं.

"मग कोण धरणार?"

"क्लॅम्प धरायला नसतो, लावायला असतो."

ती इतक्या शांतपणे बोलली की मला तिथेच कळायला हवं होतं. "एका हातानं लावून दाखवा."

म्हातारा मान खाली घालून भुसा झटकत होता. मी डावा हात खिशात घातला आणि उजव्या हातानं क्लॅम्प उचलला. चार किलो. जबडा टेबलाच्या कडेला लावला, फळीवर आणला, आणि स्क्रू फिरवायला हात मोकळा करायला गेलो तर क्लॅम्प फिरला आणि खाली आला. पुन्हा उचलला. छातीनं दाबून धरला. स्क्रू अर्धा फिरला, फळी सरकली. तिसऱ्या वेळी फळी आणि क्लॅम्प दोन्ही माझ्या पायावर पडले. बूट होते म्हणून बरं. जबडा किती सपाट, आटे किती तलम, स्क्रू किती सरळ, सगळं मी मोजलं होतं. हा लावायला किती हात लागतात, हे मात्र तीस वर्षांच्या फिटरनं मोजलं नव्हतं. समोर एका हाताचा माणूस बसलेला असताना!

म्हणजे महिनाभर म्हातारा दर फळीला लेकीला हाक मारत होता. तीही कणीक टाकून, कुकर बंद करून येत होती. काम करून राहायचं म्हणून जो माणूस थांबला होता, त्याचं काम तिच्या डोक्यावर दुप्पट होऊन बसलं होतं. आणि दोघांपैकी एकानंही मला सांगितलं नाही. का सांगतील? मी ऐकून घेणारा माणूस आहे कुठे! मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो. मी म्हटलं, "मला आधी सांगायचं ना. मी खाली स्टँड वेल्ड करून देतो, मग एका हातानं—"

"ऱ्हाऊ द्या पावनं," मामा म्हणाले. "लई केलंसा. आता रविवारी मला पनवेलच्या स्टँडवर सोडा. हिला किती पळवायची."

त्यांच्या आवाजात ना राग होता ना रुसवा, आणि त्यामुळे मला जास्तच चीड आली. बायको करपलेली भाकरी कचऱ्यात टाकायला गेली ती बराच वेळ आत आली नाही.

दुसऱ्या दिवशी समोरच्या फ्लॅटमधून ठोकाठोक सुरू झाली. करंजाड्यात कुणी ना कुणी कायम इंटीरियर करतच असतं. चांगला नवा फ्लॅट घ्यायचा आणि भिंती फोडायला घ्यायच्या. जिन्यात प्लायचे तुकडे, सागाच्या चौकटीचे ठोकळे, स्क्रूचे अर्धे डबे पडलेले. मामा काठी टेकत जिन्यापर्यंत गेले, तिथल्या मिस्त्रीशी काहीतरी बोलले, आणि बायकोनं दोन खेपा करून पिशवीभर तुकडे आणले. जाणाऱ्या माणसाला हा कचरा कशाला हवा, असं मी मनात म्हटलं. बोललो नाही, कारण त्या आठवड्यात बोलायची माझी पत उरली नव्हती.

शनिवारी संध्याकाळी घरी आलो तर बाल्कनीतून करवतीचा आवाज येत होता. बायको हॉलमध्ये मटार सोलत बसली होती. मला म्हणाली, "मला आत जायला बंदी आहे."

मी दारातून बघितलं. माझे दोन्ही क्लॅम्प प्लायच्या तुकड्यावर आडवे पडले होते, न लावलेले, नुसते. तुकडा हलू नये म्हणून आठ किलोचं वजन ठेवलं होतं. लोणच्याच्या बरणीवर दगड ठेवतात तसं. लेथवर काढलेले माझे चौकोनी आटे! त्या वजनाच्या भरवशावर म्हातारा एका हातानं सावकाश पट्टी कापत होता.

टेबलावर एक जाड प्लाय स्क्रूनं बसवलेला होता. त्याच्यावर दोन पट्ट्या. मी सवयीनं पेटीतला काटकोन बघायचा गुण्या उचलून लावला आणि म्हटलं, "मामा, ही दुसरी पट्टी तिरकी बसलीय."

"तिरकीच पायजे, पावनं."

त्यांनी एक फळी सरळ पट्टीला टेकवली. फळी आणि तिरकी पट्टी यांच्यामध्ये निमुळती जागा राहिली. त्या जागेत त्यांनी सागाची एक पाचर तळहातानं सरकवली, हात काढला, हातोडी उचलली आणि पाचरीच्या डोक्यावर एक ठोका मारला. बस. मग मला खुणेनं म्हणाले, ओढा. मी एका हातानं ओढली, मग दोन्ही हातांनी, मग पाय टेकवून. टेबल सरकलं, फळी नाही. त्यांनी पाचरीच्या निमुळत्या टोकावर उलटा ठोका दिला आणि फळी सुटली. सगळं एका हातानं, खुर्चीत बसून, आणि एकही वस्तू विकत न आणता. टेबलाच्या कडेला सायकलच्या फाटक्या ट्यूबच्या लांब पट्ट्या एका टोकानं स्क्रू करून सोडलेल्या होत्या. सरस लावलेल्या दोन तुकड्यांना त्या गुंडाळायच्या, टोक दातात धरून ताणायचं आणि आधीच्या वेढ्याखाली खोचायचं. दाढीवाल्यांच्या व्हिडिओत हेच सगळं असेल, आणि मी खेळणी म्हणून फोन परत दिला होता.

"मापात काही नाही यात," मी म्हणालो. काहीतरी म्हणायला हवं होतं.

"न्हाई," ते म्हणाले. "पर धरतंय."

रविवारी सकाळी त्यांची पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती. बायको माझ्याकडे बघत होती आणि मी स्कूटरच्या किल्लीकडे. मामा बाल्कनीतून बाहेर आलेच नाहीत. दुपारी म्हणाले, हे एक स्टूल हुतंय तेवढं होऊ द्या. पुढच्या रविवारी पोळपाट होता. मग खालच्या मजल्यावरच्या बाईंचा देव्हारा. सोसायटीच्या सेक्रेटरीनं आधी ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला होता की रहिवासी इमारतीत सुतारकाम खपवून घेतलं जाणार नाही. खालीच चार मजले ड्रिलचा धुमाकूळ चालू असताना हा शहाणा म्हाताऱ्याच्या हातोडीवर घसरला होता. तिसऱ्या आठवड्यात तोच स्वतःच्या डायनिंगची डुगडुगणारी खुर्ची घेऊन आमच्या दारात उभा राहिला. "काकांकडे बघा जरा जमलं तर." मी त्याला पाच मिनिटं दारातच उभा ठेवला. पिशवी मात्र दाराशी भरलेलीच होती. बायको रोज तिच्या बाजूनं केर काढायची, ती हलवायची नाही. राहतो असं ते म्हणाले नव्हते, आणि ते तसे सहज म्हणणारे नाहीत हे तिला ठाऊक होतं.

मग समोरच्या मिस्त्रीनं त्यांना चौकटीचे चार मोठे ठोकळे आणि फळीचे तीन तुकडे आणून दिले, सागाचे. मामांनी त्याला पंधरा दिवस लावले. काय करताय विचारलं तर, बघू म्हणायचे. एका सुट्टीच्या दिवशी मी पेपर वाचत बसलो होतो तेव्हा त्यांनी हाक मारली.

"पावनं, जरा येताय का? हात लावा."

इतक्या वर्षांत त्यांनी मला कामाला हाक मारली ती ही पहिली. बाल्कनीत टेबलावर चौरंग उपडा ठेवला होता. तीन पाय लागलेले, ट्यूबच्या पट्ट्यांनी करकचून बांधलेले. चौथ्या पायाच्या भोकात आणि खुंटीवर सरस लावून तयार. कोरीवकाम नव्हतं, एका हाताला ते जमण्यासारखं नव्हतं, पण पायांची घडण मी ओळखली. सतरा वर्षं कपाटावरून काढताना-ठेवताना माझ्या हाताखालून गेली होती.

"पट्ट्या सपल्या," ते म्हणाले. "ह्यो पाय दाबून धरा. दोनी हातांनी. सरस धरंस्तवर सोडायचं न्हाई, न्हाईतर फट पडती."

"किती वेळ?"

"अर्धा तास."

मी वाकून पाय दाबून धरला. मामा खुर्चीत बसले. बायकोनं चहा आणून त्यांच्या हातात दिला, माझा कठड्यावर ठेवला आणि कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली. पाच मिनिटांत माझ्या खांद्यांत कळ यायला लागली. म्हातारा बशीत चहा ओतून सावकाश पीत होता.

"लग्नातला चौरंग कुटं हाय, पावनं?"

मी मान वर केली. हात काढता येत नव्हते.

"पाय मोडला होता," मी म्हणालो. "टेम्पोत."

"कंचा?"

पंचवीस वर्षं ज्या माणसाला मी अडाणी समजत होतो तो माझ्याकडे बघत होता आणि माझे दोन्ही हात त्याच्या लाकडात अडकलेले होते. तिथून उठून जाता आलं असतं तर मी गेलो असतो. तोंड फिरवून दोन शब्द टाकून दिले असते. त्यात माझा हात कुणी धरणार नाही.

"भंगारात दिला, मामा."

"आन पाय?"

"नव्हता मोडला."

त्यांनी बशी खाली ठेवली. "ठाऊक हाय. वास्तुशांतीला आलतो तवा शेजारच्याचा चौरंग मागून आनलेला बघितला. टेम्पोवाला बी जेवाय आलता, त्येला इचारलं, पाय कसा काय मोडला. त्यो म्हनला, चौरंग न्हवताच टेम्पोत." त्यांनी काठीनं खालचा भुसा बाजूला सारला. "लेकीला न्हाई सांगितलं. तिला कशाला."

म्हणजे रिवाज बिवाज काही नव्हता. सकाळी येऊन संध्याकाळी परत जाणं, दुसरी भाकरी न घेणं, वारं गेल्यावरही गावाला सोडा म्हणणं, ज्याला मी म्हाताऱ्याचं खूळ म्हणत हसत होतो, ते सगळं माझ्यामुळे होतं. त्यांची वस्तू ज्या घरातून भंगारात गेली, त्या घरात ते मुक्काम करत नव्हते. इतकंच. आणि तरी एकदाही अरे-तुरे नाही.

मान खाली घालायला गेलो तेव्हा मला दारामागचा खिळा दिसला. त्याला ट्यूबची एक पट्टी लटकत होती. लांब, कोरी, न वापरलेली.

त्यांनीही माझी नजर कुठे गेली ते बघितलं. बशी उचलून उरलेला चहा संपवला.

"मामा," मी विचारलं, "पिशवी उचलून आत ठेवू का?"

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"अजून इस मिंटं हायती," म्हणाले. "आदी ह्ये धरा."